कांद्याच्या मुळातली गुणसूत्रे मोजताना: १६, ३२ आणि मधले फसवे आकडे

बी.एस्सी.च्या जर्नलमध्ये एक चित्र वारंवार दिसते. कोल्चिसीन (पेशीविभाजन मध्येच अडवणारे रसायन) दिलेल्या कांद्याच्या मुळातली पेशी, तिच्यात ३२ काड्या आणि खाली लिहिलेले ‘चतुर्गुणित पेशी’, म्हणजे दोनाऐवजी चार संच असलेली. बहुतेक वेळा ती पेशी चतुर्गुणित नसते. ती साधी १६ गुणसूत्रांचीच असते, फक्त प्रत्येक गुणसूत्राची दोन अर्धगुणसूत्रे (क्रोमॅटिड, म्हणजे एकाच गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रती) सुटी झालेली असतात आणि मोजणाऱ्याने ती वेगवेगळी मोजलेली असतात. तसेच १५ आले की ‘मोनोसोमी’ (एक गुणसूत्र कमी), १७ आले की ‘ट्रायसोमी’ (एक जास्त) लिहून मोकळे होणारेही पुष्कळ. यातले बरेचसे आकडे कांद्यात नसतात. ते अंगठ्याच्या दाबातून आणि घाईतून येतात.

म्हणून या लेखात भर तयारीवर, पायऱ्यांच्या क्रमावर आणि शेवटच्या मोजणीवर आहे. कांदा निवडण्याचे कारण सरळ आहे: गुणसूत्रे मोठी, संख्या कमी (२एन, म्हणजे शरीरपेशीतली संख्या = १६), आणि मुळे हवी तेव्हा फुटतात. लसणाचीही संख्या १६च आहे. कांदा नसेल तर लसणाच्या पाकळ्या चालतात, कृती तीच.

आधी ठरवा: तुम्हाला नेमके काय बघायचे आहे?

सगळा घोळ इथे सुरू होतो. तीन वेगळी कामे आहेत आणि तिन्हींचा मार्ग वेगळा आहे.

(अ) नेहमीची संख्या मोजायची असेल तर मुळे तोडा, पूर्वप्रक्रिया करा (विभाजन अडवणाऱ्या द्रावणात ठेवा) आणि लगेच स्थिरीकरणात टाका (पेशी आहेत तशा मारून जपणाऱ्या द्रावणात).

(आ) संख्या दुप्पट झालेली पेशी दाखवायची असेल तर कोल्चिसीन द्या, मुळे धुवून कांद्यासकट पाण्यात परत वाढू द्या, मग दुसऱ्यांदा हलकी पूर्वप्रक्रिया करून स्थिरीकरण करा.

(इ) तुटलेली किंवा मागे राहिलेली गुणसूत्रे, पूल, सूक्ष्मकेंद्रके बघायची असतील तर पूर्वप्रक्रिया अजिबात करू नका. कोल्चिसीनने गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे तर्कुतंतूच बनत नाहीत, मग ती वेगळी होण्याची पश्चावस्था येणार कुठून? कोल्चिसीन दिलेल्या मुळात पूल शोधत तासभर घालवणारे विद्यार्थी दरवर्षी सापडतात.

टप्पा १: कांदा निवडणे आणि मुळे काढणे

नुकताच काढलेला कांदा घेऊ नका. तो सुप्तावस्थेत असतो आणि आठवडाभर पाण्यावर ठेवूनही मुळे फुटत नाहीत. कांदाचाळीत दोन-तीन महिने राहिलेला उन्हाळ कांदा उत्तम. पावसाळ्याच्या मध्यापासून तो हमखास मुळे देतो. खरिपातला लाल कांदा लवकर जागा होतो, पण लवकर सडतोही.

मोड येऊ नयेत म्हणून गॅमा किरणांची मात्रा दिलेला कांदा कटाक्षाने टाळा. लासलगावला असे विकिरण केंद्र आहे, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. किरणांनी विभाजी ऊतीलाच (जिथे पेशी विभागतात त्या भागाला) इजा झालेली असते. मुळे कमी फुटतात, आणि फुटली तरी त्यांत आधीच तुटलेली गुणसूत्रे असू शकतात. मग तुमचा कंट्रोलच (तुलनेसाठीची, काही न दिलेली मुळे) बिघडला. दुकानदाराला विचारून उपयोग नसतो, चाळवाल्या शेतकऱ्याकडून थेट घ्या.

१. कांदा मध्यम घ्या, साधारण ३ ते ४ सेंमी व्यासाचा. वाळकी टरफले काढा.

२. तळाच्या तबकडीवरची जुनी वाळलेली मुळे ब्लेडने खरवडून काढा. तबकडीचा कडेचा गोलाकार भाग कापू नका, नवी मुळे तिथूनच येतात.

३. रुंद तोंडाच्या बाटलीवर कांदा असा ठेवा की पाणी तबकडीला जेमतेम टेकेल. कांदा पाण्यात बुडाला की सडतो.

४. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून मगच वापरा आणि रोज बदला.

५. तापमान २० ते २५ अंश सेल्सिअस. विदर्भात मे महिन्यात खोलीत हे काम जमत नाही. कांदा सडतो आणि मुळे तपकिरी पडतात. माठाजवळची थंड जागा शोधा किंवा हिवाळ्याची वाट बघा.

दोन ते चार दिवसांत मुळे १ ते २ सेंमी होतात. हीच वेळ. चार-पाच सेंमीपर्यंत वाढलेल्या मुळांत विभाजनाचे प्रमाण घटलेले असते.

*तपासा:* मुळाचे टोक पिवळसर, अपारदर्शक आणि टणक दिसले पाहिजे. टोक पारदर्शक किंवा तपकिरी असेल तर ते मूळ सोडून द्या. त्यावर पुढचे दोन दिवस खर्च करण्यात अर्थ नाही.

टप्पा २: द्रावणे आदल्या दिवशी

स्थिरीकारक: तीन भाग शुद्ध इथेनॉल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक आम्ल. ६० मिलीसाठी ४५ आणि १५. हे एकच द्रावण आदल्या दिवशी नाही, ऐनवेळी करायचे. ठेवून दिले की दोन्ही एकमेकांशी अभिक्रिया करून इथाइल ॲसिटेट बनते आणि द्रावण कमजोर होते. दुकानातले निळे स्पिरिट यासाठी चालत नाही.

ॲसिटोकार्मिन, १ टक्का: ४५ मिली ग्लेशियल ॲसेटिक आम्ल आणि ५५ मिली ऊर्ध्वपातित पाणी एकत्र करून उकळी आणा. त्यात १ ग्रॅम कार्मिन थोडे थोडे टाका, अर्धा-पाऊण तास मंद उकळा, थंड करून गाळा. उकळताना फ्लास्कच्या तोंडात फनेल ठेवा आणि काम धूरकपाटात करा. ॲसिटो-ऑर्सिन हवे असेल तर २ ग्रॅम ऑर्सिन ४५ मिली गरम ॲसेटिक आम्लात विरघळवा, थंड झाल्यावर ५५ मिली पाणी घाला आणि गाळा. कांद्यासाठी ऑर्सिन अधिक स्वच्छ रंग देते, कार्मिन स्वस्त पडते.

हायड्रोक्लोरिक आम्ल, १ नॉर्मल: साधारण ८.५ मिली तीव्र आम्ल पाण्यात घालून १०० मिली करा. पाण्यात आम्ल, उलटे कधीच नाही.

पूर्वप्रक्रियेसाठी पुढीलपैकी एक:

– कोल्चिसीन ०.०५ टक्के: ५० मिग्रॅ १०० मिली पाण्यात. तपकिरी बाटलीत, थंड जागी. उजेडात ते खराब होते.
– ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन ०.००२ मोलर: सुमारे २९ मिग्रॅ १०० मिली पाण्यात. सहज विरघळत नाही, साधारण ६० अंशांवर ठेवून ढवळत राहावे लागते.
– पॅरा-डायक्लोरोबेंझिनचे संपृक्त द्रावण: कोमट पाण्यात स्फटिक टाकून भरपूर हलवा, रात्रभर ठेवा, वरचे स्वच्छ पाणी वापरा.
– बर्फाचे पाणी: काहीच विकत घ्यायचे नसेल तर. थर्मासमध्ये वितळता बर्फ, ० ते २ अंश, २४ तास.

इशारा: कोल्चिसीन हे जहाल विष आहे. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत असते तेच. फार थोडी मात्रा पोटात गेली तरी जिवावर बेतते. हातमोजे घाला, तोंडाने पिपेट ओढू नका, भुकटी शिक्षकांनीच तोला, गरोदर व्यक्तीला या कामापासून लांब ठेवा. वापरलेले द्रावण सिंकमध्ये नाही, चिठ्ठी लावलेल्या वेगळ्या बाटलीत. तो कांदा खाण्यात किंवा कंपोस्टमध्ये जाता कामा नये. बारावीपर्यंतच्या वर्गात कोल्चिसीन आणूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. नेहमीची संख्या बर्फाच्या पाण्यानेही व्यवस्थित मोजता येते.

टप्पा ३: वेळ पकडणे

एका क्षणी मुळाच्या टोकातल्या थोड्याच पेशी मध्यावस्थेत (गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर येण्याच्या टप्प्यात) असतात. दिवसाच्या काही तासांत त्या जास्त मिळतात, पण ही वेळ जात, तापमान आणि ऋतू यांनुसार सरकते. ‘सकाळी अमुक वाजता’ असा एकच आकडा पाठ करून उपयोग नाही. पहिल्या दिवशी सकाळी ८ ते दुपारी १ दर तासाला दोन-दोन मुळे थेट स्थिरीकारकात टाका, प्रत्येक कुपीवर पेन्सिलने वेळ लिहा (शाई अल्कोहोलने पुसली जाते), आणि नंतर मोजून बघा. ज्या वेळी मध्यावस्था जास्त, त्याच्या तीन तास आधी पूर्वप्रक्रिया सुरू करा. एक दिवस जातो, पण पुढचे सगळे सत्र वाचते.

टप्पा ४: पूर्वप्रक्रिया

पूर्वप्रक्रियेने दोन गोष्टी होतात. तर्कुतंतू न बनल्याने पेशी मध्यावस्थेत अडकतात, आणि गुणसूत्रे आखडून आखूड होतात. ती आखूड झाली नाहीत तर शेवयांच्या गुंत्यासारखी एकमेकांत अडकतात आणि कोण कुठे संपते ते कळत नाही.

१. साध्या संख्येसाठी (काम अ) मुळे टोकाकडून १ सेंमी तोडा, धुवा, द्रावणात टाका.

२. कोल्चिसीनमध्ये ३ ते ४ तास, खोलीच्या तापमानाला. ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन किंवा पॅरा-डायक्लोरोबेंझिनमध्ये ३ ते ४ तास, १२ ते १६ अंशांवर. फ्रिजचा खालचा कप्पा याहून थंड असतो, म्हणून बर्फाचे दोन खडे टाकलेल्या पाण्याच्या वाडग्यात कुपी ठेवा आणि थर्मामीटर लावा.

३. नंतर पाण्याने दोन-तीन वेळा नीट धुवा.

इशारा: पूर्वप्रक्रिया जिवंत मुळावरच चालते. आधी स्थिरीकरण केलेल्या मुळाला नंतर कोल्चिसीन दिले तर काहीही होत नाही, कारण पेशी मेलेली असते. क्रम उलटण्याची ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त होते, मुख्यतः मुळे आदल्या दिवशी कुणी ‘सोयीसाठी’ स्थिर करून ठेवलेली असतात तेव्हा.

जास्त वेळ ठेवण्याचाही तोटा आहे. गुणसूत्रे ठोकळ्यासारखी होतात, भुजांची लांबी मोजता येत नाही, आणि अर्धगुणसूत्रे सुटून ३२चा भास तयार होतो.

टप्पा ५: दुप्पट संख्येसाठी वाढीचा काळ (फक्त काम आ)

कोल्चिसीन दिल्यावर लगेच काढलेल्या मुळात चतुर्गुणित पेशी का दिसत नाही? कारण दुप्पट होणे ही घटना त्यानंतरची आहे. अडकलेल्या पेशीत अर्धगुणसूत्रे वेगळी होतात पण दोन टोकांना जात नाहीत. ती सगळी एकाच केंद्रकात बंद होतात. आता त्या केंद्रकात ३२ गुणसूत्रे आहेत. पण ती दिसायला ती पेशी पुन्हा एकदा डीएनए दुप्पट करून पुन्हा मध्यावस्थेत यावी लागते. खोलीच्या तापमानाला यात साधारण एक पूर्ण दिवस जातो.

१. मुळे कांद्यावरच ठेवा. फक्त मुळांची टोके बुडतील इतकेच ०.०५ टक्के कोल्चिसीन छोट्या नळीत घेऊन कांदा त्यावर ४ तास ठेवा.

२. कांदा उचलून मुळे वाहत्या पाण्यात दहा मिनिटे धुवा. पहिले धुवण विषारी कचऱ्याच्या बाटलीत.

३. ताज्या पाण्यावर ठेवा. २४, ३०, ३६ आणि ४८ तासांनी मुळे तोडा.

४. प्रत्येक वेळी तोडलेल्या मुळांना ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन ३ तास द्या, मग स्थिरीकरण.

टोकामागे मूळ फुगून गदेसारखे दिसू लागेल. कोल्चिसीन लागू झाल्याची ती खूण आहे, चतुर्गुणिततेचा पुरावा नव्हे. काप न घेता केवळ फुगवटा बघून निष्कर्ष लिहू नका.

टप्पा ६: स्थिरीकरण आणि साठवण

ताज्या स्थिरीकारकात १८ ते २४ तास. मुळांच्या आकारमानाच्या किमान वीसपट द्रव असू द्या. पाच मिलीच्या कुपीत पन्नास मुळे कोंबली तर आतली मुळे सावकाश मरतात आणि गुणसूत्रे फुगतात. दुसऱ्या दिवशी द्रव ओतून ७० टक्के इथेनॉल घाला आणि ४ अंशांवर ठेवा. काही आठवडे ही मुळे चांगली राहतात. स्थिरीकारकातच महिनाभर ठेवलेली मुळे ठिसूळ होतात.

टप्पा ७: जलविच्छेदन (आम्लाने ऊती मऊ करणे) आणि रंग

१. मुळे पाण्यात पाच मिनिटे ठेवून अल्कोहोल घालवा.

२. १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल आधीच ६० अंशांवर आणून ठेवा, मग त्यात मुळे टाका. कांद्यासाठी ५ ते ६ मिनिटे. थंड आम्लात टाकून मग गरम केले तर किती मिनिटे झाली याचा हिशेब राहत नाही.

३. पाण्याने दोन-तीन वेळा धुवा.

४. ॲसिटोकार्मिन किंवा ॲसिटो-ऑर्सिनमध्ये २० ते ३० मिनिटे.

दुसरा मार्ग जलविच्छेदन आणि रंग एकत्र करण्याचा: वॉच ग्लासमध्ये ९ थेंब ॲसिटो-ऑर्सिन आणि १ थेंब १ नॉर्मल आम्ल. स्पिरिट दिव्यावर वाफ निघेपर्यंत कोमट करा, बाजूला घ्या, पुन्हा कोमट करा. असे चार-पाच वेळा, मग झाकून अर्धा तास. उकळी फुटली तर मुळे कडक होतात, ती टाकून द्या.

*तपासा:* टोकाचा १ ते २ मिमी भाग बाकी मुळापेक्षा स्पष्ट गडद दिसला पाहिजे. तिथेच विभाजी ऊती आहे. सगळे मूळ एकसारखे फिके असेल तर जलविच्छेदन जास्त झाले. एकसारखे लाल असेल तर कमी झाले किंवा रंग जुना आहे. कार्मिन फिके येत असेल तर गंजलेल्या लोखंडी सुईने मूळ रंगातच हलवा. लोहाच्या अंशाने रंग गडद होतो. सुई जास्त वेळ ठेवली तर पेशीद्रव्यही काळपट होते.

टप्पा ८: दाबून काप तयार करणे

१. अल्कोहोलने पुसलेल्या स्वच्छ काचपट्टीवर ४५ टक्के ॲसेटिक आम्लाचा एक थेंब घ्या. मूळ ठेवा, गडद टोकाचा १ ते १.५ मिमी भाग ठेवून बाकीचे ब्लेडने काढून टाका. ही पायरी सोडली की सूक्ष्मदर्शकात दिसणारे पटल विभागणाऱ्या पेशींनी नाही, लांब पोकळ पेशींनी भरते.

२. २२ मिमीचे आवरणकाच हवेचे बुडबुडे न येता टेकवा.

३. आगकाडीच्या मागच्या टोकाने, सरळ वरून, हलके ठोका. वर्तुळ मोठे होत जाते आणि रंगीत डाग धुक्यासारखा पसरतो. तीस-चाळीस ठोके लागू शकतात. बहुतेक जण पाचव्या ठोक्यालाच अंगठा लावतात.

४. काचपट्टी दिव्यावरून दोन-तीन वेळा झटकन फिरवा. हाताच्या मागच्या बाजूला चटका बसणार नाही इतकीच गरम.

५. टिपकागदाच्या घडीत ठेवून आवरणकाचेचा एक कोपरा बोटाने धरा आणि अंगठ्याने एकदाच, सरळ खाली, जोर लावून दाबा. अंगठा घसरू देऊ नका.

अंगठा घसरला तर दोन शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळतात. १७, १९, २३ असे विचित्र आकडे इथून येतात. जास्त दाबल्याने पेशी फुटून गुणसूत्रे बाहेर पडतात. १३, १४, १५ तिथून येतात.

कडांना पारदर्शक नेलपॉलिश लावले की काप एक-दोन दिवस टिकतो.

टप्पा ९: मोजणी

सगळा भार या टप्प्यावर आहे, म्हणून इथे घाई नको.

१. १०एक्सखाली संपूर्ण काप डावीकडून उजवीकडे ओळीओळीने बघा. मोजण्याजोग्या पेशींच्या जागा स्टेजच्या मोजपट्टीवरून टिपा.

२. ४०एक्सखाली निवड करा. पेशीची हद्द दिसते का? गुणसूत्रे एका गटात आहेत का? आजूबाजूला सुटे तुकडे पडलेत का? यांपैकी कोणत्याही एका प्रश्नाचे उत्तर पटत नसेल तर ती पेशी मोजायचीच नाही. संख्या बघून पेशी निवडणे किंवा टाकणे ही फसवणूक आहे, निवड मोजण्याआधी झाली पाहिजे.

३. १००एक्स तेलाखाली सूक्ष्म जुळवणीचे चक्र सतत फिरवत चित्र काढा. मोबाइलने टिपायचे तर एकच फोटो घेऊ नका. चक्र हळू फिरवत दहा सेकंदांचे चित्रीकरण करा. एकावर एक आलेली दोन गुणसूत्रे एका फोटोत एकच दिसतात, चक्र फिरवले की वेगळी होतात.

४. मोजायचे ते गुणसूत्रबिंदू, काड्या किंवा टोके नाहीत. नियम हा एकच आहे आणि ३२चा घोळ त्यानेच सुटतो. कोल्चिसीन दिलेल्या मध्यावस्थेत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही अर्धगुणसूत्रांच्या भुजा फाकलेल्या असतात आणि ती फक्त गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेली असतात. आकार इंग्रजी एक्ससारखा दिसतो. असे १६ एक्स दिसले तर संख्या १६. भुजा मोजल्या तर कितीही येतील.

५. एक पायरी पुढे गेलेल्या पेशीत गुणसूत्रबिंदूही विभागलेला असतो. तिथे ३२ सुट्या काड्या खरोखर दिसतात. पण त्या जोडीजोडीने, समांतर, एकसारख्या लांबीच्या असतात आणि प्रत्येक काडी एकेरी असते. खऱ्या चतुर्गुणित मध्यावस्थेत ३२ गुणसूत्रे असतात आणि प्रत्येक दुहेरी असते. काडी एकेरी की दुहेरी हे बघितल्याशिवाय ३२ लिहू नका.

६. कांद्याच्या एका गुणसूत्रजोडीला उपगुणसूत्र असते, म्हणजे बारीक मानेपलीकडे लटकलेला लहानसा ठिपका. दाबताना मान ताणली जाते, फिकी पडते, आणि तो ठिपका वेगळा तुकडा वाटतो. म्हणून १७ किंवा १८ दिसले की आधी सर्वांत लहान दोन तुकडे कुणाचे आहेत ते बघा. त्यांना स्वतःचा गुणसूत्रबिंदू दिसत नसेल तर ते मोजायचे नाहीत.

किमान तीन कांदे, पाच-सहा मुळे आणि २५ ते ३० पूर्ण पेशी. सगळे आकडे लिहा, फक्त ‘चांगले’ नाहीत. कंट्रोलमध्ये १६ फार मोठ्या बहुमताने यायला हवे. तसे येत नसेल तर तुमचा हात अजून बसलेला नाही, आणि प्रयोगाच्या मुळातल्या आकड्यांवर बोलण्याची वेळ आलेली नाही.

टप्पा १०: आकड्यावरून निष्कर्ष

आता नावे. कांद्यात १५ म्हणजे मोनोसोमी, १७ म्हणजे ट्रायसोमी, एकाच जोडीतली दोन्ही गेल्याने आलेले १४ म्हणजे नलिसोमी. हे सगळे विषमगुणिततेत मोडतात. २४ त्रिगुणित आणि ३२ चतुर्गुणित. ही समगुणितता, कारण संपूर्ण संच वाढला आहे.

एका पेशीत १५ आले म्हणून मोनोसोमी होत नाही. खरी मोनोसोमी असेल तर त्या मुळाच्या पेशीमागून पेशीत १५ येतील आणि प्रत्येक वेळी तेच एक गुणसूत्र गायब असेल. दाबताना हरवलेले असेल तर एका पेशीत लांब गुणसूत्र गेलेले, दुसऱ्यात उपगुणसूत्रवाले, तिसऱ्यात सगळी जागेवर. कांद्याची बरीच गुणसूत्रे दिसायला एकमेकांसारखी आहेत, त्यामुळे भुजांची लांबी मोजून जोड्या लावल्याशिवाय ‘अमुक क्रमांकाचे गुणसूत्र नाही’ असे विधान करू नये.

कोल्चिसीन दिलेल्या मुळात १६ आणि ३२ दोन्ही प्रकारच्या पेशी एकत्र सापडणार. ते बरोबरच आहे. औषधाच्या चार तासांत ज्या पेशी विभाजनात होत्या त्याच दुप्पट झाल्या. ‘सगळे मूळ चतुर्गुणित झाले’ असे लिहिले तर परीक्षक तिथेच बोट ठेवेल. मुळातला हा बदल बीजात जात नाही, कारण मुळापासून फूल येत नाही. चतुर्गुणित रोप हवे असेल तर औषध खोडाच्या वाढत्या टोकाला किंवा अंकुराला द्यावे लागते.

एन आणि एक्स यांची गल्लत वेगळीच. एन म्हणजे युग्मकातली संख्या, एक्स म्हणजे मूळ संचातली. कांद्यात दोन्ही ८, म्हणून फरक कळत नाही. गव्हात २एन = ६एक्स = ४२, म्हणजे एन २१ पण एक्स ७. देशी कापसाची २एन संख्या २६, तर विदर्भात सर्रास लावल्या जाणाऱ्या अमेरिकन कापसाची ५२. म्हणजे २६ हा आकडा एकीकडे २एन आहे, दुसरीकडे एन. खाण्याच्या बहुतेक केळ्यांत ३३, म्हणजे तीन संच, म्हणूनच त्यात बी धरत नाही.

पश्चावस्थेतल्या विकृती (काम इ)

पूर्वप्रक्रिया वगळून बाकीची कृती तशीच. फक्त शोध वेगळा: दोन गटांच्या मध्ये एकटे मागे राहिलेले गुणसूत्र, दोन्ही गटांना जोडणारा पूल, गुणसूत्रबिंदू नसलेला तुकडा, आणि विश्रांतीतल्या पेशीत मुख्य केंद्रकाशेजारचे छोटे सूक्ष्मकेंद्रक. मागे राहिलेले गुणसूत्र चुकीच्या बाजूला गेले की एका पेशीत १५, दुसरीत १७. संख्येतला बदल जन्मताना दिसतो तो इथे. पूल आणि तुकडे मात्र गुणसूत्र तुटल्याची खूण आहेत, ते संख्येच्या खात्यात टाकू नका.

कीटकनाशक किंवा सांडपाणी तपासत असाल तर साध्या पाण्यावरचे कंट्रोल कांदे त्याच दिवशी, त्याच गठ्ठ्यातले हवेत. कापांवरची नावे दुसऱ्या कुणाकडून झाकून क्रमांक लावून घ्या, मग मोजा. कोणता काप औषधाचा हे माहीत असले की डोळा पूल शोधू लागतो.

काप काय दाखवू शकत नाही

‘सूक्ष्मदर्शकाखाली उत्परिवर्तन दिसले’ हे वाक्य जर्नलमधून काढून टाका. तुम्हाला दिसते ती गुणसूत्रांची संख्या आणि मोठे रचनाबदल. व्यापक अर्थाने त्यांना गुणसूत्रीय उत्परिवर्तन म्हणतात, पण जनुकातला बदल त्यात नाही. कोल्चिसीननेही जनुकांची अक्षरे बदललेली नसतात, तीच जनुके दुप्पट प्रतींत आलेली असतात.

माणसाच्या तपासणीतही हाच फरक लागू होतो. डाऊन सिंड्रोममध्ये बहुतेक वेळा २१व्या गुणसूत्राची तिसरी प्रत असते, एकूण ४७, आणि गुणसूत्रचित्रात ती सरळ मोजता येते. सिकलसेलमध्ये बीटा-ग्लोबिन जनुकातले एकच अक्षर बदललेले असते, जीएजीचे जीटीजी होते, आणि गुणसूत्रे मात्र ४६च्या ४६, निर्दोष दिसणारी. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि ‘गुणसूत्रांची तपासणी नॉर्मल आली’ म्हणून निर्धास्त राहिलेले कुटुंब चुकीच्या चाचणीवर विसंबलेले असते. सिकलसेलसाठी आधी सोल्युबिलिटी चाचणी (रक्ताची प्राथमिक चाळणी) आणि ती पॉझिटिव्ह आली की हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी करावी लागते, कारण वाहक आणि रुग्ण यांतला फरक सोल्युबिलिटी चाचणी सांगत नाही.